आजीचा फोटो नारिंगी का झाला?

घरच्या प्रिंटरवर फोटो काढताय? झकास! पण 'प्रिंटर कुठला घेऊ' याआधी 'शाई कुठली आणि कागद कुठला' हे विचारा. न विचारल्याचा नमुना दीड वर्षं आमच्याच भिंतीवर टांगलेला होता...

घरात नवा इंक टँक प्रिंटर आला की पहिले पंधरा दिवस माणूस कामातून जातो. गोव्याच्या ट्रिपचे फोटो, ऑफिसच्या पार्टीचे फोटो, भाचीचा पहिला दात, मित्राची नवी बाइक... दिसेल ते प्रिंट! सोळाव्या दिवसापासून प्रिंटरवर धूळ बसायला लागते. माझंही अगदी हेच झालं. जळगावच्या माझ्या फ्लॅटवर प्रिंटर आला तो खरं तर बिलं आणि करारनामे छापायला. फोटो म्हणजे बोनस.

२०२२ ची दिवाळी झाली आणि धुळ्याला आजी गेली. दशक्रियेला मोठा फोटो हवा होता. "तुझ्याकडे प्रिंटर आहे ना, मग तूच आण काढून," असा काकांचा फोन आला. आदल्या रात्री अकरा वाजता मी तो काढला. ए-फोर साइझ, चकचकीत कागद, आणि टाकीत ओरिजिनलच्या पाव किमतीत मिळालेली 'कंपॅटिबल' शाई. हिरवं नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू, ओठांच्या कोपऱ्यात दाबलेलं हसू. प्रिंट सॉलिड आला होता! दोन्ही आत्यांनी विचारलं, कुठल्या स्टुडिओतून आणलास? माझी कॉलर टाईट. काचेवर उजेड चमकतो म्हणून काच नकोच, ही अक्कलही माझीच. हार्डबोर्डवर चिकटवून, कडेनं पट्टी मारून फोटो देवपुरातल्या आमच्या घराच्या हॉलमध्ये लागला. बरोब्बर खिडकीसमोर.

मे २०२४ मध्ये घरात लग्न होतं, सगळे जमले होते. लांबच्या नात्यातली एक काकू फोटोसमोर थांबली आणि अहिराणीत विचारती झाली, "हाई कोन शे?" आम्ही आधी हसलो. मग मीही नीट पाहिलं. रोज बघणाऱ्याला जे दिसत नाही ते पाहुण्याला दिसतं म्हणतात ना, तसं. हिरवं लुगडं मातकट झालं होतं, केस तांबूस, चेहरा थेट नारिंगी. नाना, म्हणजे माझे वडील, मागून आले. फोटोकडे बघत एवढंच म्हणाले, "मन्ही माय अशी नही व्हती."

शेजारच्या खिळ्याला आजोबांचा फोटो होता. १९६८ चा, काळा-पांढरा, स्टुडिओत काढलेला. फेट्याची घडी न् घडी शाबूत. त्याला पन्नासवर वर्षं झालेली आणि माझ्या प्रिंटला दीड!

आणि खरी गोम पुढेच होती. आजीची ओरिजिनल फाइल माझ्याकडे उरलीच नव्हती. ज्या फोनवर तो फोटो होता, तो फोन पावसाळ्यात गटांगळी खाऊन कधीच गेला होता. म्हणजे जगात आजीचा हसरा फोटो एकच, तो या भिंतीवर. आणि तोही विझत चाललेला.

सरबत की गेरू?

शाईचा फंडा तसा सोपा आहे. इंकजेटची शाई दोन जातींची असते, डाय आणि पिगमेंट. डाय म्हणजे सरबतासारखं. रंग पाण्यात पूर्ण विरघळलेला, कणाचा मागमूस नाही. पिगमेंट म्हणजे कुंड्यांना लावायला कालवलेला गेरू. रंगाचे बारीक बारीक घन कण द्रवात तरंगत असतात. कागदावर पडल्यावर सरबत कागदात मुरतं, गेरू थर करून बसतो.

याचा फायदा-तोटाही लगेच लक्षात येतो. डायचे रंग चकचकीत कागदावर खुलतात, लाल लालबुंद दिसतो, चेहऱ्याला तजेला येतो. पण विरघळलेला रंग म्हणजे सुटे सुटे रेणू. उजेडानं आणि हवेतल्या ओझोननं त्यांची मोडतोड पटकन होते. पिगमेंटच्या कणात बाहेरचे रेणू झिजले तरी आतले शाबूत राहतात, म्हणून तो टिकाऊ.

मग सरळ पिगमेंटच घ्यावं? थांबा. घरगुती टँक प्रिंटरमध्ये बहुतेकदा रंगीत शाया डायच असतात. काहींत काळी तेवढी पिगमेंट असते, ती मजकूर खणखणीत उठावा म्हणून. ऑफिससाठीच्या काही मॉडेलमध्ये चारही रंग पिगमेंट असतात खरे, पण ते ग्लॉसी कागदावर फिके, कुठे चकाकते कुठे निस्तेज असे दिसू शकतात, बोटानं पुसलेही जातात. पिगमेंट मॅट कागदावर शोभतं. फोटोसाठी घरी घ्यायचाच असेल तर सहा रंगांचा डाय प्रिंटर बघा. त्यात नेहमीच्या चार रंगांखेरीज फिकट निळा आणि फिकट गुलाबी असतो. त्यानं गालावरची, आकाशातली हलकी छटा दाणेदार न दिसता मऊ उतरते.

पिगमेंटच्या टिकाऊपणाचा पुरावा बघायला मला लांब जावं लागलं नाही. धुळ्यात समर्थ वाग्देवता मंदिर आहे. नानासाहेब देवांनी गावोगाव हिंडून जमवलेली समर्थ संप्रदायाची जुनी हस्तलिखितं तिथे आहेत. त्यातच स्वतः समर्थ रामदासांच्या हस्ताक्षरातली मानली जाणारी वाल्मीकि रामायणाची पोथी. साडेतीनशेहून जास्त वर्षांचा मामला! जुन्या पोथ्यांची काळी शाई व्हायची ती काजळी आणि डिंकापासून. काजळी म्हणजे कार्बन, विरघळतच नाही. आज पिगमेंट शाईतला काळाही कार्बनचाच असतो. दिव्यावर भांडं धरून काजळी जमवणारा लेखनिक आणि माझ्या टेबलावरची काळी बाटली, दोघांचा मसाला एकच. (आमच्या शाळेची सहल तिथे गेली होती तेव्हा माझं सगळं लक्ष डब्यातल्या पुऱ्यांकडे होतं, हेही नमूद करते.)

नारिंगीच का, हा प्रश्न मात्र मला छळत होता. उत्तर सापडलं ते एका जुन्या प्रकरणात. २००० साली एप्सननं स्टायलस फोटो ८७० आणि १२७० हे प्रिंटर आणले. फोटो लॅबच्या तोडीचे, टिकायलाही दमदार अशी हवा होती. आणि काही गिऱ्हाइकांचे ग्लॉसी कागदावरचे प्रिंट थोड्याच दिवसांत नारिंगी पडायला लागले! दोष उजेडाचा नव्हता, हवेचा होता. हवेतला ओझोन निळसर शाईवर, म्हणजे सायनवर, आधी तुटून पडतो. सायन गेला की उरतात गुलाबी आणि पिवळा. दोन्ही मिसळा, काय मिळतं? आमची आजी.

म्हणजे काच नको म्हणणारी मीच दोषी. काचेनं उजेड फार अडत नाही, पण वारा अडतो. खिडकीसमोर उघडा प्रिंट, वर दिवसभर गरगरणारा पंखा आणि टाकीत कसली तरी शाई. टिकणार कसा?

चाळीसगावचा म्हातारा

आजोबांचा फोटो का टिकला याचं उत्तर चाळीसगावात आहे. धुळ्याहून चाळीसगाव ५०-६० किलोमीटर. स्टेशनजवळच केकी मूस यांचं घर आहे, ते आता संग्रहालय म्हणून जपलंय. मूस यांचा जन्म १९१२ चा, मृत्यू १९८९ च्या ३१ डिसेंबरचा. कलाशिक्षण घेऊन आलेला हा पारशी माणूस पुढची कितीतरी दशकं घराबाहेर जवळपास पडलाच नाही. प्रेयसी येणार म्हणून पंजाब मेलची वाट बघत राहायचा, ही गोष्ट खान्देशात प्रत्येकाला पाठ असते, ज्यानं त्याचा एक फोटो पाहिलेला नसतो त्यालाही! मला विचाराल तर त्या गोष्टीनं त्यांच्या कामावर अन्यायच केलाय. टेबलावर चार वस्तू मांडून, दिवे हलवून अख्खा देखावा उभा करायचा, ही टेबलटॉप फोटोग्राफी त्यांनी चाळीसगावात बसून केली.

त्या काळच्या काळ्या-पांढऱ्या प्रिंटमध्ये शाई नसतेच. कागदावर जिलेटिनचा थर, त्यात चांदीचे क्षार. उजेड पडला आणि रसायनात बुडवला की क्षारांची खरी चांदी होते, बारीक, काळी दिसणारी. म्हणजे आजोबा चांदीत छापलेले आहेत! धातूला उजेडाचं विशेष काही वाटत नाही. जुन्या स्टुडिओतला तपकिरी सेपिया टोन नुसता शोभेचा नव्हता. त्यात चांदीचं सिल्व्हर सल्फाइड होतं, ते आणखी टिकाऊ. सोन्याचांदीच्या जळगावात राहून हे मला पंचविशी उलटल्यावर कळावं, काय म्हणायचं!

कागद फाडून बघा

आता कागद. जळगाव-धुळे एसटीत बसलं की पाळधीनंतर एरंडोल लागतं, मग पारोळा, मग धुळे. या रस्त्यानं मी शेकडो वेळा गेले असेन. एरंडोल हे एकेकाळी हातकागदाचं गाव होतं हे अलीकडेच वाचलं. ब्रिटिशकालीन गॅझेटियरमध्ये एरंडोलच्या जाड्याभरड्या देशी कागदाची नोंद आहे, तशीच पलीकडच्या यावलचीही. आणि यावल नीळीसाठीही प्रसिद्ध होतं. कागद आणि रंग दोन्ही एका गावात.

आपण मात्र दुकानात जाऊन म्हणतो, "एक ग्लॉसी पॅकेट द्या." मी तेच केलं होतं. दुकानदारानं विचारलं, "१३० का १८०?" मी ऐटीत १८० म्हटलं. जीएसएम जास्त म्हणजे कागद भारी, हा आपला गोड गैरसमज. जीएसएम म्हणजे नुसतं वजन, एका चौरस मीटरला किती ग्रॅम ते. त्यावर थर कसला आहे हे त्यातून कळत नाही.

स्वस्त पॅकेटात बहुतेकदा कास्ट-कोटेड कागद असतो. साध्या कागदाच्या एका बाजूला चकाकीचा थर. पावसाळ्यात तो वळतो, शाई जास्त पडली की लाटा येतात. प्रोजेक्टला, शाळेच्या तक्त्याला ठीक. फोटोसाठी मागायचा तो आरसी, म्हणजे रेझिन कोटेड. यात कागदाच्या दोन्ही बाजूंना पॉलिथिनचा पातळ पापुद्रा असतो आणि वर शाई धरणारा थर. लॅबमधल्या फोटोचा जो प्लॅस्टिकसारखा स्पर्श असतो तो यामुळेच. ओळखायचा कसा? एक कोपरा फाडा. कागदासारखा टरकन फाटला तर कास्ट-कोटेड. फाटताना प्लॅस्टिकचा पापुद्रा ताणला गेला तर आरसी. दुकानदार डोळे वटारेल, वटारू दे. एक शीट विकत घेऊन त्याच्यासमोरच फाडा.

वरच्या थरातही दोन पंथ आहेत. मायक्रोपोरस थरात सिलिका किंवा अॅल्युमिनाचे सूक्ष्म कण आणि त्यांच्यामध्ये असंख्य छिद्रं. शाई चटकन शोषली जाते, प्रिंट हातात येतो तो कोरडाच. पण त्याच छिद्रांतून हवाही आत जाते. दुसरा थर जिलेटिनसारखा, शाई पडली की फुगून तिला पोटात घेणारा. तो वाळायला वेळ लावतो, पण रंगाला हवेपासून झाकतो. आज बाजारात मिळतो तो मुख्यतः पहिला, कारण वाट बघायला कोणाला वेळ आहे? म्हणूनच डाय शाई आणि मायक्रोपोरस कागद या जोडीला काच किंवा अल्बम हवाच.

आणि हो, 'शंभर वर्षं टिकणार' असं पाकिटावर लिहिलेलं असतं त्यावर भाळू नका. खालची बारीक ओळ वाचा. ते आकडे ओरिजिनल शाई आणि त्याच कंपनीचा कागद या जोडीचे असतात, आणि काचेखाली की अंधारात अल्बममध्ये, हेही तिथेच लिहिलेलं असतं. अमेरिकेतले हेन्री विल्हेल्म यांनी रंगीत फोटो किती टिकतात या एकाच विषयावर १९९३ मध्ये जाडजूड ग्रंथ लिहिला. प्रिंटर कंपन्या आपल्या टिकाऊपणाचे आकडे त्यांच्या संस्थेकडून तपासून घेतात, ते उगीच नाही.

४५ अंशांतली प्रयोगशाळा

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे जातो. एरवी ही तक्रार, यावेळी सोय! भाचीचा एक फोटो मी चार प्रकारे काढला: लोकल शाई-स्वस्त कागद, लोकल शाई-आरसी, ओरिजिनल डाय-आरसी. चौथा धुळ्यातल्या एका फोटोग्राफर मित्राच्या पिगमेंट प्रिंटरवर, मॅट कागदावर. चारही प्रिंटचा अर्धा भाग काळ्या कागदानं झाकला आणि पश्चिमेच्या खिडकीला आतून चिकटवले. तीन आठवडे.

काळा कागद काढला तेव्हा पहिल्या प्रिंटमध्ये मधोमध चक्क रेघ दिसत होती, एका बाजूला भाची, दुसऱ्या बाजूला तिचं भूत. दुसऱ्यातही रेघ होती, थोडी पुसट. म्हणजे चांगल्या कागदानं वाईट शाई वाचत नाही. तिसऱ्यात शोधली तर सापडत होती. चौथ्यात मला दिसली नाही, भाचीलाही नाही. हे काही प्रयोगशाळेतलं शास्त्र नव्हे, पण खर्च शून्य. तुम्हीही करा, खिडकी आपलीच आहे.

याच उन्हाचा दुसरा फटका प्रिंटरला बसतो. उन्हाळ्यात नोझलच्या तोंडाशी शाई वाळते आणि प्रिंटवर पांढऱ्या रेघा येतात. आठवड्यातून एक रंगीत पान काढत चला. आणि प्रिंटर बंद करायचा तो त्याच्याच बटणानं, भिंतीवरच्या स्विचनं नाही. बटण दाबल्यावर तो प्रिंटहेड जागेवर नेऊन टोपणाखाली ठेवतो. मधेच वीज तोडली तर हेड उघडंच राहतं, पेनाचं टोपण हरवल्यासारखं. लोडशेडिंगच्या काळात वाढलेल्या पिढीला ही सवय लागायला वेळ लागतो! ऊठसूट हेड क्लीनिंगही करू नका, त्यात बरीच शाई आतल्या स्पंजमध्ये वाया जाते आणि एक दिवस तो स्पंज भरल्याचा मेसेज येतो.

सेटिंगमध्ये कागदाचा प्रकार निवडायला विसरू नका, अर्धे फोटो तिथेच बिघडतात. कागद ग्लॉसी आणि सेटिंग 'प्लेन पेपर' असं झालं, की पिगमेंट काळा असलेल्या प्रिंटरमध्ये तो काळा ग्लॉसी थरावर ओतला जातो आणि वाळतच नाही, बोटाला लागतो. सेटिंग बरोबर असलं की असे प्रिंटर बहुधा काळा बाजूला ठेवून तीन रंगांतून काळपट रंग बनवतात. म्हणूनच त्यांच्या ग्लॉसी प्रिंटमधले केस थोडे चॉकलेटी किंवा हिरवट वाटतात. प्रिंट अंधारलेला येत असेल तर शाईला शिव्या घालण्याआधी मॉनिटरचा ब्राइटनेस कमी करून बघा.

खर्चाचं म्हणाल तर खरं सांगते, ट्रिपचे दोनशे फोटो घरी काढण्यात काही अर्थ नाही. ते लॅबला द्या. तिथे अजून बहुधा रसायनात धुतलेल्या फोटो कागदावर प्रिंट होतात, स्वस्त पडतात आणि टिकतातही. घरचा प्रिंटर मोजक्या फोटोंसाठी. हवा तो, हव्या त्या दिवशी, चारदा बिघडवून.

पुन्हा एकदा आजी

आजीची फाइल शेवटी मोठ्या आत्याच्या मुलीच्या फोनमध्ये सापडली. दशक्रियेच्या वेळी मीच तिला व्हॉट्सअॅपवर पाठवली होती. पण व्हॉट्सअॅपनं आपलं काम केलं होतं, फोटो दाबून ९६० बाय १२८० पिक्सेलचा करून टाकला होता. हिशोब सांगते. चांगल्या प्रिंटला इंचाला ३०० पिक्सेल हवेत. ४ बाय ६ ला १२०० बाय १८००, ए-फोरला जवळजवळ २५०० बाय ३५००. ए-फोरवर आजी ताणली असती तर इंचाला शंभरच्या आसपास पिक्सेल, म्हणजे चेहऱ्याचं भरीत.

काकांना मोठाच फोटो हवा होता. "आधीचा केवढा होता!" मी ५ बाय ७ वर अडून बसले. इंचाला १८० च्या वर पिक्सेल येतात, हातभर अंतरावरून चेहरा नीट दिसतो. दोन प्रिंट काढले. एक मित्राकडे पिगमेंटवर, मॅट कागदाचा, भिंतीसाठी. दुसरा माझ्याच प्रिंटरवर, आता ओरिजिनल शाई आणि आरसी कागद, अल्बमसाठी. दोन्ही पूर्ण एक दिवस उघडे वाळू दिले, कारण आतला ओलावा फ्रेममध्ये कोंडला तर काचेवर धुकं धरतं. आग्रा रोडच्या फ्रेमवाल्याला सांगून भोवती रुंद पांढरा माउंट घातला, म्हणजे फोटो काचेला चिकटत नाही आणि लहान फोटोही भिंतीवर मोठा दिसतो. काकांचीही समजूत निघाली.

लुगड्याचा हिरवा जमायला पाच प्रिंट खर्ची पडले. तिसऱ्याला नाना म्हणाले पोपटी झाला, चौथ्याला म्हणाले बाटलीचा हिरवा झाला. त्यांनी ट्रंकेतून ते लुगडंच काढून आणलं आणि प्रिंटशेजारी धरलं. पाचव्याला काही बोलले नाहीत, नुसती मान हलवली.

नवी फ्रेम आता खिडकीच्याच भिंतीवर आहे, उन्हाकडे पाठ करून, आजोबांच्या खिळ्यासकट हलवलेली. नारिंगी फोटो मी टाकून द्यायला निघाले होते, नानांनी देऊ दिला नाही. हार्डबोर्डवरून अलगद सोडवून, मागे पेन्सिलनं तारीख लिहून, त्यांनी तो लुगड्याच्या घडीत ठेवून ट्रंक बंद केली.